लाइन तुमची, अण्णा

वीज गेली तशी भव्या फोनकडे धावली. तक्रारीचा नंबर लागत होता, पण कोणी उचलत नव्हतं. रविकिरण मेणबत्ती शोधता शोधता वीजवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता. उमाकांतकाका अंधारात आरामखुर्चीत पडून ते ऐकत होते. शेवटी म्हणाले, "ठेव तो फोन. कुठेतरी कोणीतरी खांबावर असेल."

पोरं जवळ येऊन बसल्यावर त्यांनी हयवदनचं नाव काढलं. हयवदन त्यांचा शाळासोबती, वीजखात्यात सबस्टेशनच्या कंट्रोल रूममध्ये नोकरीला. पुढची गोष्ट त्याने स्वतः त्यांना सांगितलेली, आणि तो थापा मारणाऱ्यांतला नव्हता. थापा जमल्या असत्या, तर त्याला बढती तरी मिळाली असती, असं काका म्हणाले.

सन शहाण्णव. चौदा ऑगस्ट, बुधवारची रात्र. अमावास्या दुपारीच सरली होती, पण रात्र तिचीच. आपल्याकडची दिव्यांची अवस, इथल्या कानडी लोकांची भीमन अमावास्या. त्या दिवशी बायका नवऱ्याच्या आयुष्यासाठी पूजा करतात. हयवदन रात्रपाळीला निघाला तेव्हा पद्मावतीने त्याच्या पायांवर फुलं वाहिली होती आणि डब्यात कडबू घातले होते. स्कूटरच्या डिकीत एक मोठं कुलूप होतं. सबस्टेशनच्या फाटकासाठी त्याने ते चिकपेटेच्या बाजारातून पदरच्या पैशाने आणलं होतं. वाटेत त्याच्या कामावरच्या सोबत्याच्या बायकोचं, सोयराबाईचं घर लागलं. दारात रांगोळी नव्हती. एरवी तो तिथे थांबून विचारपूस करायचा. त्या संध्याकाळी त्याने स्कूटर हळूसुद्धा केली नाही.

सबस्टेशन बोम्मसंद्र्याच्या पलीकडे, तळ्याच्या कडेला. मागचं तारेचं कुंपण असं, की माणसाने वाकावं आणि आत यावं. चोर येत. ट्रान्सफॉर्मरमधलं तेल काढून नेत, तांब्याच्या पट्ट्या कापून नेत. हयवदनने पहारेकरी मागितला; ती जागा मंजूर नव्हती. भिंत मागितली, भिंत पुढच्या वर्षी बघू म्हणाले. पोलिसांकडे गेला, तर त्यांनी विचारलं, कुंपण कोणत्या बाजूचं तुटलंय? मागचं असेल तर ती हद्द पलीकडच्या ठाण्याची. शेवटी वरच्या ऑफिसाने एक पाटी पाठवली, 'चोरी करणे गुन्हा आहे'. पाटी पत्र्याची होती. आठवड्यात तीही गेली.

पिराजी तिथला लाइनमन. सोयराबाईचा नवरा. हयवदनबरोबर त्याने इतकी वर्षं काढली होती, की दोघांना एकमेकांच्या चहातली साखर ठाऊक होती. लाइनीवर चढण्याआधी लाइनमनला कंट्रोल रूममधल्या माणसाकडून ती लाइन मागून घ्यावी लागते. त्याला लाइन क्लिअर घेणं म्हणतात. ज्याने घेतली, त्यानेच ती परत करायची. त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय लाइन चालू करायच्या हँडलला हात लावायचा नाही, मग हुकूम कोणाचाही येवो. पिराजी लाइन मागायला आला की मनगटातलं तांब्याचं कडं काढायचा, कारण अंगावर धातू ठेवून वर चढायचं नसतं. ते कडं तो लाइनीच्या हँडलला अडकवून जायचा. त्यावरून कधीतरी ट्रॉलीचं चाक गेलं होतं, म्हणून एका बाजूने ते चेपलेलं होतं. काम झालं की यार्डातल्या फोनवरून सांगायचा, "माणसं उतरली, हत्यारं उतरली. लाइन तुमची, अण्णा." मग येऊन कडं घालायचा.

मार्चमध्ये एका रात्री चोरांनी तेल काढलं आणि ट्रान्सफॉर्मर जळाला. सकाळी पिराजी लाइन मागून वर चढला. लाइन बंदच होती. पण तेवढ्यात एका कारखान्याने आपला जनरेटर सुरू केला आणि त्याचा करंट उलटा लाइनीत आला. असा चुकार करंट जमिनीत उतरवायला तांब्याची पट्टी असते. पट्टी रात्रीच कापून नेली होती.

कडं संध्याकाळपर्यंत हँडललाच होतं. हयवदनने ते काढून सोयराबाईच्या हातात दिलं. तिने ते अस्थींबरोबर श्रीरंगपट्टणला कावेरीत सोडलं.

त्यानंतर पाच महिने सबस्टेशन मुकं पडलं. आसपासच्या वस्त्या अंधारात, आणि शिव्या खायला हयवदन. दुसरा ट्रान्सफॉर्मर कधी येणार असं तो विचारी आणि वरून उत्तर येई, 'नाळे'. नाळे म्हणजे उद्या. एक आला तो लहान निघाला, परत गेला. दुसऱ्याची गाडीच वाटेत बसली. तिसरा ऑगस्टमध्ये आला तो एकाएकी, कारण पंधरा तारखेला मोठे साहेब झेंडा लावायला येणार होते. रंगारीही आले. त्यांनी कंट्रोल रूमच्या भिंती, कपाटं, हँडलंसुद्धा करड्या रंगाने रंगवून टाकली. कुंपणाला पैसे नव्हते, रंगाला होते.

इंजिनिअर नरसिंहरावांना हयवदनने एकच विचारलं होतं. पिराजीची लाइन क्लिअर परत आलेली नाही, तिचं काय करायचं?

"मी सही केली तिच्यावर," नरसिंहराव म्हणाले.

"सर, ती तुम्ही घेतली नव्हती."

"घेणारा वर गेला, हयवदन. आता तिथून बोलावू का त्याला? स्वल्प डोकं चालवा."

तर ती रात्र. माणसं जोडणी करून संध्याकाळीच गेली होती. हुकूम असा होता, की मुख्य स्टेशनातून परवानगी आली की हयवदनने एकट्याने हँडल फिरवून ट्रान्सफॉर्मर चालू करायचा. त्याने फाटकाला नवं कुलूप घातलं. बॅटरी घेऊन यार्डात चक्कर मारली. कोणी नव्हतं. बारीक भुरभुर होती. आत येऊन त्याने डबा उघडला. खाववेना. कंदिलाच्या उजेडात ओल्या रंगाचा वास डोक्यात चढत होता.

पावणेबाराला नरसिंहरावांचा फोन आला. परवानगी मिळाली. चालू करा.

रिसिव्हर टेबलावरच ठेवून हयवदन हँडलपाशी गेला.

तेवढ्यात दुसरा फोन वाजला. भिंतीवरचा. यार्डाशी जोडलेला.

त्या फोनची तार तांब्याची होती. ती उन्हाळ्यातच कापून नेली होती.

फोन वाजत राहिला. मग त्याने उचलला.

आधी नुसता पाऊस ऐकू आला. मग...

"अण्णा, लाइन माझ्याकडं हाय."

हयवदनने रिसिव्हर कानाशी घट्ट दाबला.

"आत माणूस हाय, अण्णा..."

पुढे काही नाही. पाऊससुद्धा नाही.

त्याने खिडकीतून बॅटरी मारली. ट्रान्सफॉर्मरच्या वर, जिथे तांब्याच्या तारा जोडतात, तिथे एक आकृती वाकून बसली होती. जिवंत होती. हातात पाना होता. उजेड पडताच ती तिथल्या तिथे दबली. चोर मागच्या कुंपणातून आला असणार. पुढच्या फाटकाला नवं कुलूप होतं.

टेबलावरच्या फोनमधून नरसिंहराव ओरडत होते. काय झालं? केलं का?

हयवदनने फोन तसाच राहू दिला. तो हँडलपाशी परत आला.

पाच महिने. पाच महिने तो या चोरांची वाट पाहत होता. पहारेकरी मागून, भिंत मागून, हात जोडून दमला होता. आता चोर समोर होता. वर हुकूम होता. कागदावर लाइन मोकळी होती. फक्त हँडल फिरवायचं. कोणी विचारलं नसतं. उलट शाबासकी मिळाली असती.

त्याने हात उचलला.

हँडलजवळ नेला.

टिण्.

लोखंडावर तांबं वाजतं, तसं. अगदी हाताशी.

त्याने खाली पाहिलं नाही... हात तिथेच राहिला. किती वेळ, त्याला सांगता आलं नाही. कंदिलाची वात फडफडली. फोनमधला आवाज थांबला.

मग तो मागे सरकला. टेबलावरच्या फोनमध्ये म्हणाला, "लाइनीवर माणूस आहे. मी चालू करणार नाही."

नरसिंहरावांनी नोकरीची भीती घातली. कोण माणूस, असं विचारलं. हयवदनने फोन ठेवला आणि खिडकी उघडून वरच्या माणसाला खाली उतर म्हणून सांगितलं.

चाळिशीचा माणूस होता. पायात काही नव्हतं. उतरताना तो एकच सांगत होता, की इथे पाच महिने करंट नाही म्हणून आलो, अण्णा. सगळे म्हणतात इथे काही येत नाही. हयवदनला त्याला मारावंसं वाटलं. पण तो खरं बोलत होता, आणि त्याचाच जास्त राग आला. पाना काढून घेऊन त्याने त्याला तुटक्या कुंपणापर्यंत नेऊन सोडलं. कुलपाची किल्ली खिशात होती, फाटक उघडलं असतं. पण त्याला त्याने आल्या वाटेनेच घालवलं.

परत येईतो भिंतीवरचा फोन पुन्हा वाजत होता.

या वेळी त्याने लगेच उचलला.

"माणूस उतरला," आवाज म्हणाला. "हत्यार उतरलं." मग जरा थांबून, दमलेला माणूस बोलतो तसं, "लाइन तुमची, अण्णा."

"पिराजी..." हयवदन म्हणाला.

कानाशी नुसता लाकडासारखा मुका रिसिव्हर होता.

हयवदनने वर जाऊन जोडणी आवळली. परत येऊन हँडल फिरवलं. बाहेर ट्रान्सफॉर्मर घुमू लागला. तळ्यापलीकडे एकेक वस्ती उजळत गेली. सकाळी झेंडा लागला, भाषण झालं. हयवदनकडे हुकूम मोडल्याबद्दल खुलासा मागितला गेला. भिंत अजूनही झालेली नाही.

काकांनी इथे थांबून पाणी मागितलं. भव्या उठली नाही. रविकिरणने विचारलं, झोपेत असेल, भास असेल, नाही का?

असेल, काका म्हणाले. हयवदनलाही सकाळी तसंच वाटलं. मग त्याने दिवसाच्या उजेडात हँडल पाहिलं, आणि कोणाला न सांगता सोयराबाईला बोलावून आणलं. पुढे काकांनाही त्याने ते दाखवलं.

ओल्या करड्या रंगात एक गोल उमटला होता, कडं अडकवून ठेवावं तसा. रंग वाळला होता, खूण बसली होती. सोयराबाईने त्यावर बोट ठेवलं आणि हळूहळू गोलावरून फिरवलं. एका जागी बोट थांबलं.

तिथे तो चेपलेला होता.