पाठ फिरवायची नाही

दुपारी इस्त्रीच्या दुकानात वाफ दाटली होती. वेदीवर अंथरायच्या पांढऱ्या कापडाची कड दाबता दाबता थोरलीच्या तोंडाचा पट्टा सुनेवर चालू होता. घरात, गल्लीत, चर्चमध्ये तिला सगळे थोरलीच म्हणत.

"आज फादर स्वतः बघायला येणारेत. माझ्याशिवाय कुणी दिसलं नाही तर दुपारची आराधना आजपासून बंद. एक बाई म्हणजे मंडळी नव्हे, म्हणाले. येणारेस ना?"

"एवढे शर्ट उरकते नि आलेच, आई."

"तुझं 'आलेच' मला ठाऊक आहे. लग्नातसुद्धा वेदीपाशी सगळे ताटकळले होते."

"माझ्यामुळे? तुमचे चिरंजीव बूट शोधत होते!"

थोरलीने ऐकू न आल्यासारखं केलं आणि कापडाची घडी काखेत मारून ती निघाली.

ही आराधना तिच्या सासूने तिच्या गळ्यात घातली होती. वेदीवर सोनेरी किरणांच्या पात्रात पवित्र भाकर ठेवायची आणि समोर गुडघे टेकायचे. मागायचं काही नाही. दुखणी, भांडणं, पोरांच्या नोकऱ्या, सगळं चपलांबरोबर दाराबाहेर. मागायला उरलेला दिवस पडलाय, ही वेळ नुसती त्या भाकरीतल्या प्रभूच्या मानाची, असं सासू म्हणायची. आणि त्याच्याकडे पाठ फिरवायची नाही. राजासमोर कुणी मान वळवून मागे बघतं का? पूर्वी बाकं भरून लोक बाजूला उभे राहत. मग म्हातारे एकेक करून मातीआड गेले, तरणे कामाला लागले. थोरली उरली. दिवसभरात तिची जीभ गप्प बसायची ती एवढीच वेळ, आणि आज तीही जायची पाळी आली होती.

ती पुढच्या बाकापाशी गुडघ्यांवर टेकली. रंगीत काचांमधून ऊन फरशीवर सांडलं होतं. 'बंद होऊ देऊ नकोस' हे शब्द ओठांपर्यंत आले. तिने ते गिळले. मागायचं नाही म्हणजे नाही.

मागे दार वाजलं. पावलं आली, फळी कुरकुरली, कुणीतरी गुडघे टेकले.

"आली एकदाची महाराणी," थोरली मान न वळवता पुटपुटली. "शर्ट काय पळून चालले होते?"

उत्तर नाही. नुसता श्वास.

"जीभ दुकानातच राहिली वाटतं. बरं झालं. रोज तिथंच ठेवत जा."

सून, आणि टोमणा ऐकून घेते? थोरलीला जरा चमत्कारिक वाटलं.

पुन्हा दार वाजलं. दुसरी पावलं. मग आणखी. एक बाक कुरकुरलं, त्यामागचं कुरकुरलं, डावीकडचं, उजवीकडचं. कपड्यांची सळसळ. दबलेला खोकला. थोरलीचा ऊर भरून आला. गल्लीतल्या बायांना सुनेने हाताला धरून आणलं असेल! पोरगी गुणाची निघाली.

पण वास मात्र साबणाचा नव्हता, तेलाचाही नव्हता. नुकत्याच उकरलेल्या मातीचा गार वास मानेवरून पुढे येत होता.

तेवढ्यात वेदीशेजारचं लहान दार उघडलं. फादर आत आले. त्यांच्या मागोमाग, हात पदराला पुसत, धापा टाकत सून.

"आई, उशीर झाला, मागच्या दारानं—"

ती थांबली. तिची नजर थोरलीच्या डोक्यावरून पलीकडे गेली.

फादरांच्या हातातल्या किल्ल्या खाली पडल्या. त्यांनी उचलल्या नाहीत. भिंतीला हात लावत ते हळूहळू गुडघ्यांवर आले.

वळून बघावं. एकदाच. आपले मातीआड गेलेले मालक असतील का त्यांत?

तिने पुढचं लाकूड घट्ट धरलं.

बघायचं नाही.

"तू आहेस," ती वेदीकडे बघत म्हणाली. "तुझा मान मोठा. बस, एवढंच."

मागे सगळ्यांनी एकदम श्वास घेतला.

आणि गाणं उठलं. जुनं, स्तुतीचं, छपराला भिडणारं. काचा थरथरल्या. वेदीवरच्या मेणबत्त्यांच्या ज्योती उंच झाल्या. एका बाईचा आवाज सगळ्यांच्या पुढे पळत होता, नेहमीसारखा सुराबाहेर. थोरलीने सासूचा तो आवाज ओळखला, पण ओळख दाखवली नाही. तिने छाती भरून आपला आवाज त्यात मिसळला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती गात होती, लग्नातही गायली नव्हती अशी.

गाणं संपलं. ज्योती खाली आल्या.

"मंडळी पुरली का, फादर?"

फादरांची नजर बाकांवरून हलत नव्हती. "रोज," ते कसेबसे म्हणाले. "रोज होईल आराधना. थोरल्या बाई, बंद करायची नाही."

"मी तरी कुठं करत होते!"

दुसऱ्या दिवशी सून थोरलीच्या आधी तयार झाली. चर्च रिकामं होतं. पुढच्या बाकाचं लाकूड उन्हात चकचकत होतं. थोरली तिथे पोचली, पण सून दोन हात अलीकडेच उभी राहिली.

"खांब झालीस का? ये की."

"आई, कुठं येऊ?" सून खालच्या आवाजात म्हणाली. "बाक भरलंय."

थोरलीने रिकाम्या बाकाकडे पाहिलं. मग पदर सावरला.

"सरका जरा," ती म्हणाली. "माझ्या सुनेला टेकू द्या."

बाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कुरकुरत गेलं.