डाव्या हाताच्या गाठी

उन्हाळ्यात उजनीचं पाणी ओसरलं, की आम्हाला काम लागतं. धरणात बुडालेल्या गावांच्या भिंती, बाभळी वर येतात आणि त्यांना अडकलेली बेवारस जाळी दिसू लागतात. धनी नसला तरी जाळं मासे धरतच राहतं. ते तिथंच कुजतात. अशी जाळी कापून काढायची, एवढंच काम.

माझा थोरला भाऊ मायाप्पा असंच एक जाळं कापायला खाली गेला आणि त्यातच अडकून मेला. तेराव्यानंतर तेच जाळं काढायला प्रभुकाका आणि मी होडी घेऊन निघालो.

सांजेपर्यंत निम्मं जाळं कापून होडीत ओढलं. सडक्या माशांचा वास अंगाला चिकटला होता. पाणी इतकं गप्प, की वल्ह्यावरून गळणारे थेंब ऐकू येत होते. उरलेल्या जाळ्याला मी दादाची जाळं विणायची लाकडी सुई बांधली, दोरा भरून. आमच्यात मेलेल्याची सुई मोडून चितेवर ठेवतात. मला ती मोडवली नव्हती.

काकांनी पाहिलं. "येडू, काय केलंस हे? गेलेल्याच्या हातात काम देत न्हाईत. हातातलं काम टाकून जाईल व्हय तो?"

"म्हणून तर दिलं, काका."

सकाळी परत आलो. वारा पडला होता. आम्ही कापलेल्या कडेला नवं विणकाम लटकत होतं. प्रत्येक गाठ डावीकडं वळलेली. साऱ्या धक्क्यावर डावखुरा एकटा दादाच होता.

"हात लावू नगं... चल माघारी," काका हळूच म्हणाले.

"दादा हाय तितं."

"तूच अग्नी दिलास की रं त्याला..."

मी उडी मारली.

खाली हिरवा अंधार होता. मी जाळ्यावरून हात फिरवत गेलो. गाठी घट्ट लागत होत्या. मग एक सैल लागली. विणणं तिथं थांबलं होतं. मी तिच्यात बोट घातलं. लहानपणी विणायला शिकवताना दादा माझं बोट मधे धरूनच गाठ मारायचा. मी वाट पाहिली. छाती फुटायला आली...

गाठ आवळली. हळूच. दुखू नये इतकीच.

काकांनी केसांना धरून वर ओढलं, बोटाला अडकलेला दोरा कापला आणि होडी वळवली. मागं बघू दिलं नाही.

आता मी मंद्रूपला घरी आहे. धरण इथून लांब. बोटातली गाठ तशीच आहे आणि तिला जाळं फुटलंय. रोज उठलो की ते थोडं वाढलेलं असतं. मनगट ओलांडलंय त्यानं. दादाची बायको, अक्कम्मा वहिनी, रोज कात्री घेऊन बसते.

"कापू द्या की, भावजी. लई भ्या वाटतंय मला..."

मी हात मागं घेतो.

आज तिनं माझा हात मांडीवर घेतला आणि गाठी जवळून पाहिल्या. कुठल्या बाजूला वळल्यात, ते पाहिलं. मग कात्री खाली ठेवली. जाळ्याच्या टोकाची शेवटची गाठ अजून सैल होती.

तिनं तिच्यात आपलं बोट घातलं.

आम्ही दोघं तसेच बसलोय.