नावानं हाक

बस शर्मिला. लाइट येईपर्यंत दुसरं काही करण्यासारखं नाहीच. हिंजवडीत म्हणे जग बदलतंय, सदाशिव पेठेत मात्र संध्याकाळी मेणबत्ती. तंबूत राहायला गेलो तेव्हा नेमकं काय झालं, हेच विचारायला आलीस ना? लोकांना आम्ही वेगळंच सांगितलंय. तुला खरं सांगते. फक्त मध्ये बोलू नकोस.

ते खूळ ह्यांच्या ऑफिसातल्या केयूरचं. अमेरिकेत प्रोजेक्टवर राहून आला आणि त्याला एकदम तळ्याकाठी तंबू ठोकून झोपावंसं वाटायला लागलं. त्यासाठी माणसाला अमेरिकेला जावं लागतं, हे मला नवीनच. मोठ्या रस्त्यापासून बरंच आत, एका धरणाच्या काठाला, कुणा शेतकऱ्यानं तसली सोय केली होती. सोय म्हणजे काय, चार तंबू, पत्र्याचा संडास आणि एक नळ. त्या नळाला पाणी नाही! समोर अख्खं धरण पसरलंय आणि हात धुवायला थेंब नाही.

आम्ही दोघं, केयूर आणि त्याची बायको अवनी, एवढेच होतो. अवनी नवऱ्याला 'ए केयूर' म्हणायची, मनात आलं तर 'ए गाढवा'सुद्धा. मी ह्यांना 'अहो' म्हणते याची तिला भारी गंमत वाटली. लग्नातल्या उखाण्यात घेतलं तेवढंच, नंतर मी ह्यांचं नाव कधी घेतलेलं नाही. आमच्याकडे पद्धतच नाही आणि मला त्याची कधी अडचणही झाली नव्हती. पण गाडीतून उतरल्यापासून अवनीचं सुरू. "अहो, ऐकलंत का? अहो, चहा घेताय ना?" आणि आमचे हे आपले हसत 'ओ' देतायत.

तिथं स्वयंपाकाला गोदाबाई म्हणून एक म्हातारी होती. अवनीचं ते 'अहो अहो' ऐकून भाकरी थापता थापता तिचा हात थांबला.

"ह्या पाण्यापाशी आसं बोलू नगा," ती म्हणाली. "आमचं गाव हाय ह्या पाण्याखाली. तितली एक बाई आजून नवऱ्याला हाका मारती. नाव न्हाई घेत, 'अहो' म्हनती. ज्येला त्येला वाटतं, आपलीच बायको बोलावती."

"मग काय म्हणायचं?" मी विचारलं.

"नाव घ्यायचं, तोंडभरून. नावानं हाक आली की समजायचं, आपलं मानूस हाय."

अवनी फिदीफिदी हसली. हे आणि केयूर तेव्हा लांब तंबूच्या खुंट्या ठोकत होते. त्यांच्या कानावर यातलं अक्षरही गेलं नाही.

सूर्य डोंगराआड गेला आणि पाण्यावरून धुकं यायला लागलं. थंडीचे दिवस, त्यात काठाला कुजक्या शेवाळाचा वास. धुकं इतकं दाट, की बघता बघता पलीकडचा काठ गेला, मग पाणीही दिसेना, नुसती चुबुकचुबुक ऐकू यायची. हे बादली घेऊन खाली पाणी आणायला निघाले. मी वर चुलीपाशी होते.

"अहो…"

माझा आवाज गं! अगदी माझा. आणि आला पाण्यावरून.

मी अवनीकडे पाहिलं. ती माझ्या शेजारी बसली होती, तोंडात भाकरीचा घास. ती माझ्याकडे बघायला लागली.

खाली हे थांबले. "काय गं?" त्यांनी पाण्याकडे तोंड करून विचारलं.

"अहो… इकडे या ना…"

मी धावत उतारावर गेले. ते नाव काही जिभेवर येईना. सवयच नाही ना! शेवटी सगळा जीव एकवटून ओरडले.

"अनंत! अनंत, मागे या!"

हे गर्रकन वळले. मी पाचोळ्यात उभी होते, फार लांब नव्हते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि… शर्मिला, माझ्या नवऱ्याच्या तोंडावर माझ्याबद्दल भीती होती. हातातली बादली पडली.

"कोण आहेस तू?"

"मी हेमा! अनंत, ऐका माझं…"

"नाही," हे एक पाऊल मागे सरकले. मागे पाणीच होतं. "हेमा मला नावानं हाक मारत नाही."

"अहो…" पाण्यातून आवाज आला. किती मायेनं! मी कधी इतक्या मायेनं बोलले नसेन.

"हेमा, थांब तिथंच! आलो!" हे ओरडले. मला वाचवायला म्हणून माझ्यापासून पळाले गं ते. छपाक छपाक पाय वाजले, मग तेही थांबलं.

मग कसलं नाव आणि कसलं काय. काठावर उभी राहून मी बेंबीच्या देठापासून किंचाळले, "अहो! अहो!"

धुक्यातून 'ओ' आली. एका पुरुषाची. मग पलीकडून दुसऱ्याची. मग कुठून कुठून, लांबवर, खोल… ओ… ओ… आणि त्यात ह्यांचा आवाज नव्हता.

एक मात्र जवळ होता. "आलो," म्हणाला. पाणी हललं आणि धुक्यातून एक माणूस चालत बाहेर आला. अंगात ह्यांचाच स्वेटर, चेहराही ह्यांचाच. केयूर आणि अवनी पांघरुणं घेऊन धावले, "वाचलास रे बाबा" म्हणून रडायला लागले. गोदाबाई तेवढी जवळ आली नाही. तिनं डोक्यावरून पदर ओढून मान खाली घातली, सासरे समोर आल्यावर घालावी तशी.

सासूबाईंनी देवाला पेढे ठेवले. अनंता, अनंता म्हणून हाका मारतात, पण तो मान वळवत नाही. कानात पाणी गेलंय, असं त्या सगळ्यांना सांगतात. मी 'अहो' म्हटलं, की शब्द संपायच्या आत 'ओ' येते. ऑफिसला अजून गेलेला नाही. कॉम्प्युटरसमोर बसवला तर त्याच्याकडे नुसता बघत राहतो.

काल रात्री जेवायला वाढलं. आमटी ओतताना माझ्या मनगटाला धरून तो हळूच म्हणाला, "पानी चढाया लागलंय. गुरं सोडलीस का गं?"

सासूबाई समोर बसलेल्या, लेक परत आला म्हणून इतक्या खुशीत.

"सोडली," मी म्हणाले.

त्यानं मनगट सोडलं नाही. खिडकीकडे कान दिला.

"मंग ह्ये हंबरतंय कोन?"