जास्तीची गोळी

रविवारची दुपार होती. चर्च सुटलं, भुईतल्या चुलीतलं जेवण उरकलं आणि सारं बेट आडवं झालं. टोंगात रविवारी होडी सुटत नाही, विमान उतरत नाही, कुणी झाडाची फांदीसुद्धा तोडत नाही. सिनिवा तेवढी दोनच्या तपासणीसाठी दवाखान्याकडे निघाली. नाडी, श्वास, रक्तदाब. दहा मिनिटांचं काम.

ऑकलंडला नर्सिंग शिकून ती परत आली त्याला चार महिने झाले होते. तिथल्या मोठ्या इस्पितळातली नोकरी तिनं नाकारली होती. आपल्या माणसांना आपल्याच बेटावर चांगली शुश्रूषा मिळाली पाहिजे, हे ती भेटेल त्याला ऐकवायची.

दवाखान्यात दोनच रुग्ण होते, म्हातारा मनासे आणि त्याची थोरली बहीण सेलुवाया. मनासेनं धरलेली भली मोठी तांबोशी दोघांनी खाल्ली आणि माशाचं विष बाधलं. या विषानं अंगभर खाज सुटते, आणि स्पर्शही उलटा होतो. गार वस्तू अंगाला लागली की चटका बसतो. खाजेसाठी दोघांना अँटिहिस्टामिन चालू होतं. रोज रात्री अर्धी गोळी, बस. गोळी जुन्या प्रकारची, गुंगी आणणारी. म्हाताऱ्या माणसाचं तोंड त्या गोळीनं कोरडं पडतं, लघवी अडते, उठताना तोल जातो. म्हणून सिनिवानं फळा भरून सूचना लिहिल्या होत्या. घोट घोट पाणी पाजा. धरून उठवा. लघवी झाली की वेळ लिहा.

"फळ्यालाच खाज सुटेल आता," तोआकासे म्हणाली होती. ती तीस वर्षांपासूनची दवाखान्याची आया. नव्या सिस्टरचा उत्साह तिला सोसत नव्हता.

भाऊ-बहीण एका खोलीत झोपत नाहीत, ही रीत सिनिवाला कुणी शिकवायला नको होती. पण वॉर्ड एकच. मग तिनं मागची बंद खोली उघडली, झाडली आणि सेलुवायाला तिथं ठेवलं. तोआकासे तेव्हा तोंड फिरवून उभी होती.

दोन दिवसांत सेलुवाया नको इतकी झोपू लागली. अर्ध्या गोळीची ही झोप नव्हती. कुणीतरी तिला जास्तीच्या गोळ्या देत होतं. म्हातारी रात्री कण्हू नये, आपल्या झोपेचं खोबरं होऊ नये, असं कुणाला वाटत असेल, हे सिनिवाला विचारावं लागलं नाही. कालपासून गोळ्यांची बाटली ती स्वतःच्या खिशात ठेवत होती. काल रात्रीची अर्धी गोळी तर तिनं दिलीच नव्हती.

मागच्या खोलीचं दार तिनं ढकललं. आत ओल्या चुन्याचा वास होता, आणि त्याखाली काहीतरी गोडसर, औषधी. सेलुवाया उताणी पडली होती. जीभ सुकून करवंटीसारखी झालेली. पापणी उचलली तर बाहुली ताटलीएवढी. ओटीपोट तट्ट फुगलेलं.

सिनिवानं मोठ्या बेटावरच्या डॉक्टरांना फोन लावला. "गोळी अजून वाढली तर श्वास थांबेल," ते म्हणाले. "नळी घालून लघवी काढ, सलाइन लाव. होडी उद्याच. तोवर तिच्या पोटात काही जाता कामा नये."

नळी घालून, सलाइन लावून ती बाहेर आली. तोआकासे ओट्यावर वारा घेत बसली होती.

"मावशी, किती गोळ्या दिल्यात?"

"मी?"

"म्हातारी मरेल. खरं सांगा."

"वा गं पोरी! बाटली तुझ्या खिशात आणि चोर मी?" तोआकासेनं पंखा खाली ठेवला. "त्या खोलीत मी तीस वर्षांत पाऊल टाकलेलं नाही."

"का?"

तोआकासे आवाज उतरवून म्हणाली, "माझ्या आधी एक सिस्टर होती. तिथंच राहायची... तिथंच गेली. फार मायेची, म्हणायचे लोक. तिचे रुग्ण कधी कण्हायचे नाहीत. फार शांत झोपायचे... काही उठलेच नाहीत."

"मग मला आधी का नाही सांगितलंत?"

"तू ऐकलं असतंस?"

सिनिवा चिडूनच आत गेली. सेलुवायानं डोळे किलकिले केले होते.

"आजी, गोळी कुणी दिली?"

"दुसऱ्या सिस्टरनं..." कोरड्या ओठांतून शब्द घासत आले. "माया करते गं. पण हात... हात निखाऱ्यासारखा. लावला की भाजतं..."

सिनिवाला हायसं वाटलं. गरम हात म्हणजे जिवंत माणूस. तोआकासेच, दुसरं कोण! ती दाराकडे वळली आणि मध्येच थांबली. या म्हातारीला भाजतं ते गार असतं.

तिनं खाटेचे ब्रेक सोडले.

खाट वॉर्डाच्या दारात आली तसा मनासे उठून बसला. "अगं, काय करतेस? ती माझी बहीण आहे!"

"आजोबा, तिथं ठेवली तर ती जगणार नाही."

म्हातारा चादर खांद्यावर घेऊन, बहिणीकडे न बघता, भिंत धरत उठला. त्याचाही तोल जात होता. तोआकासेनं धावत त्याला काखेत धरलं.

"ओट्यावर चटई टाक माझी," तो म्हणाला. "तिला म्हणावं, नीट झोप. मी दाराशीच आहे."

संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा झाली तेव्हा सेलुवायाची बाहुली आवळू लागली होती. तिनं पाणी मागितलं, कोमट. अंग खाजतंय म्हणून सिनिवाला शिवी हासडली. ओट्यावरून मनासे खुदकन हसला. सिनिवाच्या डोळ्यांत पाणी आलं. तोआकासेनं तिच्या पाठीवर थाप मारली, "रड आता. ऑकलंडात शिकवलं नव्हतं का?"

एवढं झाल्यावर सिनिवा मागच्या खोलीला कुलूप लावायला गेली. उजेड अजून पुष्कळ होता.

खाट तर तिनं स्वतः वॉर्डात नेली होती. तरी खोलीच्या मध्यावर एक खाट होती. लोखंडी, जुनी. पांढरी चादर कोपऱ्यांत घडी घालून ताणून बसवलेली. उशाशी फडक्यानं झाकलेला पाण्याचा पेला. आणि खाली, रुग्ण उठताना अडखळू नये म्हणून ठेवतात तशा, टाचा खाटेकडे करून ठेवलेल्या चपला. त्या तिच्याच होत्या. दुपारी बाहेरच्या पायरीवर काढलेल्या.

तोआकासेला हाक मारायला तिनं तोंड उघडलं. जीभ सुकून टाळूला चिकटली होती, आवाज निघेना. भिंत धरून ती उभी राहिली. छाती धडधडत होती, आणि त्या धडधडीतच तिला एक मोठी जांभई आली.