ओट्यामागची खिडकी

शुभदा सगळ्यांना सांगायची, मोठं घर हवंय. खोटं! तिला फक्त एक भिंत हवी होती. जेसल पार्कच्या वन बीएचकेत सासूबाई, गोदूबाई, हॉलमधल्या दिवाणावर झोपायच्या आणि पहाटेपासून खोकायच्या. टीव्ही म्हणू नका, पाहुणे म्हणू नका, सगळं त्या खोकल्याच्या साक्षीनं. इतक्या वर्षांत जन्मठेपेचा कैदीसुद्धा सुटतो, असं शुभदा मनात म्हणायची आणि वरून आल्याचा चहा नेऊन द्यायची. तोंडावर वाईट शब्द कधी नाही. तेवढी हुशार होती बाई.

तर एका रविवारी दुपारी ती आणि नवरा जितेंद्र पेणकरपाड्यात एक घर बघायला गेले. मालक साठ लाख मागत होता. रिक्षात तिनं जितेंद्रला पढवून ठेवलं होतं, "पंचेचाळीसपासून सुरू कर. आणि आवडलं तरी तोंड वाकडंच ठेव."

घर जुनं, बैठं. चहूबाजूंनी टॉवर उठलेले, त्यामुळे भरदुपारी आत दिवा लावावा लागला. मालक बाबाजी साठीचा गृहस्थ, पण उंबऱ्याच्या आत पाऊल टाकेना. "बगा तुमी. मी हाय हितंच."

दोन खोल्या ऐसपैस निघाल्या. मग स्वयंपाकघर. ओट्यामागच्या भिंतीत हातभर रुंदीची लाकडी खिडकी होती आणि तिची कडी स्वयंपाकघराच्या बाजूनं होती. खिडकीपलीकडे आणखी एक खोली. त्या खोलीत जायला घरातून दारच नव्हतं.

"हे काय?" जितेंद्रनं विचारलं.

"आयची खोली," बाबाजी बाहेरूनच म्हणाला. "दार मागच्या गल्लीत हाय. तिला गलका सोसत न्हवता. जेवन खिडकीतून द्यायचं. तिचं तिला, आपलं आपल्याला."

दोघं मागच्या गल्लीत गेले. दार होतं खरं, पण त्याचीही कडी बाहेरून. जितेंद्र घुटमळला. "शुभा, हे जरा... विचित्र वाटतंय गं."

"मोकळं वाटतंय," शुभदा म्हणाली. तिच्या डोळ्यांपुढे दिवाण उचलून खिडकीपलीकडे गेलासुद्धा होता. लाज वाटली तिला, नाही असं नाही. पण सुटल्यासारखं जास्त वाटलं.

परत आल्यावर तिनं ओट्यामागची कडी काढली. आतून थंड वास आला, बामाचा, खोबरेल तेलाचा, आणि न बदललेल्या चादरीचा. खिडकीच्या फळीवर एक स्टीलची वाटी होती. वाटीवर नाव घातलेलं, 'विमलाबाई', आणि खाली बारीक अक्षरात 'बाबाजीकडून'. घर कित्येक वर्षं बंद होतं म्हणे. वाटी ओली होती.

"कोणी राहतं का आत?" वाटी घेऊन उंबऱ्याशी येत तिनं विचारलं.

"कोन ऱ्हानार?" बाबाजीचा आवाज बसला. "आय गेली... थंडीत गेली. आमाला दुसऱ्या दिवशी कळलं." मग एकदम त्यानं विचारलं, "तुमच्या घरात म्हातारं मानूस हाय?"

"सासूबाई आहेत."

"मंग चाळीस द्या."

जितेंद्र वाकडं तोंड करायचंच विसरला. अहो, पेणकरपाड्यात चाळीस लाखांत आज काय येतं?

"एवढं कमी का?" शुभदानं विचारलं.

"खोली रिकामी ऱ्हाऊ देऊ नका, बास. माझा पोरगा म्हनतो, आपनच परत हितं ऱ्हायला येऊ, तुमाला ती खोली हाय. मला न्हाय जायचं, वैनी... मला न्हाय जायचं." त्यानं हात लांब करून वाटी मागून घेतली, पिशवीतले दोन पेढे तिच्यात ठेवले आणि म्हणाला, "म्हातारीला न्या. टोकन द्यायला याल, तवा वाटी आना."

घरी गोदूबाईंनी पेढा खाल्ला आणि वाटी घासून पालथी घातली. "ही आपलीच की गं. तुझं नाव आहे."

गोदूबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. पण शुभदाच्या लग्नातल्या सगळ्या भांड्यांवर तिचं नाव होतं आणि ती भांडी घासून घासून ती तीन अक्षरं त्यांच्या ओळखीची झाली होती.

"विमलाबाई लिहिलंय. डोळे तपासा एकदा," शुभदा म्हणाली.

"असेल बाई. परत देताना रिकामी देऊ नकोस हो. साखर तरी घाल." मग खोकल्याची उबळ ओसरल्यावर गोदूबाई हळूच म्हणाल्या, "मला तिकडे वेगळी खोली आहे म्हणे. चालेल. निकेत येत जाईल ना आत?"

"येईल की," शुभदा म्हणाली. त्या खोलीला घरातून दार नाही, हे काही तिनं सांगितलं नाही. शेजारी तिचा मुलगा निकेत अभ्यास करत होता. तो मान वर करून दोघींकडे बघत राहिला.

पुढच्या रविवारी जितेंद्र बाहेरच्या पायरीवर बाबाजीपाशी चेकबुक घेऊन बसला. शुभदा वाटी घेऊन एकटी आत गेली. बाबाजीच्या हातात द्यायची ती वाटी तिनं सवयीनं जिथून घेतली तिथंच ठेवली, खिडकीच्या फळीवर, साखरेसकट. आणि कडी लावली.

टण. टण.

ओट्याच्या मागून. वाटी फळीवर आपटावी तसं.

"जितेंद्र, ऐकलंस का...?" तिनं हाक मारली. तिनं कडी काढली. वाटी तिथंच होती, रिकामी, ओली, चाटूनपुसून स्वच्छ केलेली. आतल्या अंधारात कोणीतरी दात नसलेल्या तोंडानं साखर चोखत होतं. तिनं वाटी ओढून घेतली आणि उजेडात धरली.

'शुभदा.' आणि खाली बारीक अक्षरात, 'निकेतकडून'.

ओट्याला धरून ती उभी राहिली. तेवढ्यात जितेंद्रची हाक आली, "शुभा, सही करू का गं? बघ हं, अजून वेळ आहे. नको असेल तर नको म्हण."

नको म्हणायला किती वेळ लागतो? तिनं तोंड उघडलंसुद्धा. आणि मग तिला रोजची पहाट आठवली, दिवाण आठवला, तो खोकला आठवला. निकेत अजून लहान आहे, तिनं मनाशी म्हटलं. आपली पाळी यायला खूप वर्षं आहेत. तोवर विकून टाकू.

"कर सही," ती म्हणाली आणि खिडकी लावून कडी घट्ट सरकवली.

टण. टण. टण.

वाटी तर तिच्या हातात होती.