शनवारचो पावणो

शनिवारी शाळा सकाळची. ती सुटली की गुरुदास कोऱ्या कागदांची पिशवी खांद्याला अडकवायचा, वहाणा हातात घ्यायचा आणि खाडी ओलांडायला गंगाराम नावाड्याच्या होडीत येऊन बसायचा. पलीकडे देवबाग. तिथून माडांखालची वाळू तुडवत तारकर्ली, आणि पुढे मालवण. मालवणात दर रविवारी दुपारी वाचनालयाच्या माडीवर कथामंडळ बसे. त्या पाच-सहा लिहित्या माणसांत आपल्यालाही चटई मिळते, याचंच शिरोड्याला रापणीचं जाळं ओढणाऱ्या बापाच्या या पोराला अप्रूप होतं. खाडीअलीकडच्या शाळेत मास्तरकी लागून त्याला आठ महिने झाले होते. या आठ महिन्यांत त्याने कथा लिहिल्या अकरा. छापून आली... एकही नाही.

सत्तावन सालचा भाद्रपद होता. होडीच्या पुढच्या टोकाला, नाळीवर, एक मुलगी पाठमोरी बसली होती. शेजारी रिकामी पाटी, अंबाड्यात अबोलीचा वळेसर. सुके बांगडे विकून देवबागेला परत निघालेली असावी. ती स्वतःशीच गुणगुणत होती, पण वारा तिच्याकडून गुरुदासकडे येत होता, त्याला ती काय करणार?

भरती गो लागली, होडी लागली काठाक
शनवारचो पावणो इलो, सांगू नको कोणाक
खांद्यार नाय जाळा, हातात नाय वल्हा
तरी कसो ओढून नेता जीव माजो खुळो...

इथे ती थांबली. मान हलवून पुन्हा म्हणाली, 'काळीज माजा खुळा.' आणि स्वतःलाच पटल्यासारखी गप्प झाली.

गुरुदासने पेन्सिल काढली. चार ओळी उतरतात न उतरतात तोच समुद्राकडून एक सर धावत आली. तो कागद झाकायला वाकला, तर डोक्यावर एकदम अंधार. मुलीने मागे वळून आपली पाटी त्याच्या कागदावर उपडी धरली होती. ती स्वतः मात्र भिजत होती. पापण्यांवर थेंब, आणि थेंबांमागे हसू.

"मास्तरांनु, तुमी भिजलास तरी चलात," ती म्हणाली. "कागद भिजलो तर काय करतलास?"

ही ओवी कोणाची, असं त्याने तिला पुस्तकी मराठीत विचारलं. तिने डोळे खाली घातले. बायका म्हणतत, आमी म्हणतंव, कोणाची म्हणान सांगूची, असं काहीतरी पुटपुटली. गंगाराम उगाचच खोकला. होडी काठाला लागली तशी ती पाटी कमरेवर घेऊन माडांत दिसेनाशी झाली. गंगारामने न विचारता सांगितलं, ही तुकाराम तांडेलाची चंद्रावती.

त्या आठवड्यात गुरुदासने बारावी कथा लिहिली. दर्यावर गेलेल्या नवऱ्याची उभा जन्म वाट बघणारी एक म्हातारी, आणि शेवटी तिच्या तोंडी त्या चार ओळी.

कथामंडळाचा एक नेम होता. वाचणाऱ्याने वाचून झाल्यावर चहा येईपर्यंत तोंड उघडायचं नाही. लेखकाने स्वतःच्या गोष्टीची वकिली करू नये. नेम घालून दिला होता अध्यक्ष भाईंनी. भाई निवृत्त हेडमास्तर, आवाज अजून वर्गातलाच. गुरुदासचं वाचन संपलं तेव्हा ते डोळे मिटूनच म्हणाले, कथा ठीक आहे, पण ही ओवी म्हणजे रत्न आहे. दोनशे वर्षांची तरी असेल. शनिवारचा पाहुणा म्हणजे उघडच मारुती. खांद्यावर जाळं नाही, कारण खांद्यावर गदा आहे.

विमलाताई मुलींच्या शाळेत शिकवत, आणि मंडळात त्या एकट्याच बाई होत्या. त्यांनी हळूच विचारलं, "पण भाई, मारुतीसाठी बाईचं काळीज खुळं कशाला होईल?"

"ती भक्ती आहे, विमला."

सत्यवान वकील विनोदी कथा लिहायचे. त्यांनी कथेखाली तळटीप घातली सुद्धा — पारंपरिक, कर्ता अज्ञात.

गुरुदास नेमाने गप्प होता. एक शब्द टाकून तिने दुसरा घेतला होता, ते त्याला आठवत होतं. आपणही रोज तेच करतो. जुनं गाणं म्हणणारी बाई विसरते, अडखळते. असं तोलून-मापून शब्द बदलते ती करणारीच. हे त्याला होडीतच कळलं होतं. चहा येईल तेव्हा सांगू, असं त्याने ठरवलं. पण चहा येईतो भाईंनी कथा आपल्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे पाठवायचं नक्की केलं होतं. तो मुंबईत मासिकाचा संपादक होता, आणि अंक दिवाळीचा होता. कपाची वाफ चष्म्यावर घेत गुरुदास गप्पच राहिला... आणि हे गप्प बसणं काही नेमातलं नव्हतं.

पुढचे शनिवार मात्र बदलले. पूर्वी ज्या काठावर त्याला फक्त वाळत घातलेली जाळी दिसायची, तिथे आता चंद्रावती दिसायची. कधी पाटी घेऊन होडीत, कधी काठावर उगाच. ती चौथीपर्यंत शिकलेली होती, आणि कथा म्हणजे नेमकं काय करतात याची तिला भारी चौकशी. तुमच्या गोष्टीतली सगळी माणसं मरतात का, असं तिने एकदा विचारलं. बहुतेक, असं तो म्हणाला. मग तुमका मुलगी कोण देतलो, म्हणून ती हसली आणि हसता हसता गोरीमोरी झाली. एकदा तिने त्याला रुमालात बांधून भाजके काजू दिले. त्याने तो रुमाल परत करायचं तीन शनिवार लांबवलं. आपला रुमाल तिने तीन शनिवार मागितला नाही.

अश्विनात संपादकाचं पत्र आलं. कथा दिवाळी अंकात घेतो, ओवी दोनशे वर्षांची आहे यावर भाईंचं टिपण सोमवारच्या टपालाने पाठवा.

त्या शनिवारी गुरुदास होडीत जवळजवळ उडी मारूनच चढला. पत्र आणि कथेची प्रत त्याने चंद्रावतीच्या हातात दिली. ती बोट फिरवत वाचत गेली. म्हातारीपाशी थांबली, ओवी दोनदा वाचली, आणि तळटीपेवर बोट ठेवलं.

"अज्ञात म्हणजे?"

"म्हणजे... ज्याचा पत्ता लागत नाही असा."

"देवबागात शेवटच्या माडाखाली घर आसा माजा," ती म्हणाली. "पत्तो सोपो आसा."

गुरुदासला पाण्याकडे बघवेना, तिच्याकडेही बघवेना. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती शांत होती. ती म्हणाली, त्या दिवशी मी सांगितलं नाही, मला लाज वाटली. पण तुम्हाला ठाऊक होतं, होय ना? त्याने मान हलवली.

"ती जुळूक माका पंधरा दिस लागले. तुमच्या भाईंनी तेची दोनशे वर्सा केली. मी काय मेलंय?"

"चुकलंय मी," गुरुदास म्हणाला. पुस्तकी मराठी कुठल्या कुठे गेली होती. "तुजा नाव घालतंय. उद्याच सांगतंय सगळ्यांक." मग लेखक माणूस, त्याच्याने राहवेना. "पण गो, पावणो तो कोण? मारुती नाय, ह्या माका कळता..."

चंद्रावतीने त्याच्याकडे असं पाहिलं, की कुठलाही शहाणा माणूस तिथेच गप्प झाला असता.

"गंगारामाक इचारा. शनवारी होडयेत कोण येता ता."

गंगाराम वल्हं न थांबवता म्हणाला, "शनवारी? हौसाबाय येता, आपली शेळी घेवन. पण ती शेळी काय पावणो नाय." थोडं पाणी कापून झाल्यावर त्याने भर घातली, "आणि मास्तर येतत."

खाडीवर वारा पडला होता. गुरुदासचे कान पेटले. इतके महिने तो या होडीतल्या प्रत्येकाला न्याहाळत आला होता, कोण कथेत बसेल म्हणून. एक माणूस तेवढा मोजायचा राहिला होता.

"माजा नाव छापलास," चंद्रावती आता अगदी हळू बोलत होती, "तर अख्खो देवबाग इचारतलो, पावणो कोण? तेका मी काय सांगू? नाव छापूचा तर आधी ता ठरवा. नायतर... अज्ञातच बरी मी."

होडी लागली. ती मागे न बघता निघून गेली.

रविवारी माडीवर भाईंनी आपलं टिपण वाचायला घेतलं. दोन पानी होतं, आणि मारुतीची देवळं किनाऱ्यावर कुठे कुठे आहेत इथपर्यंत पोचलं होतं. कथा गुरुदासची, म्हणून चहापर्यंत गप्प राहायचं त्यालाच होतं.

"भाई," तो म्हणाला, "ती दोनशे वर्षांची नाही. यंदाच्या पावसातली आहे."

भाईंनी चष्म्यावरून बघितलं. "चहा आलेला नाही."

"नेम मोडतोय. मागे नेमाच्या आड लपलो होतो." आणि त्याने सगळं सांगितलं. होडी, बदललेला शब्द, आपलं गप्प बसणं. नाव तेवढं सांगितलं नाही. ते सांगायला आधी एका घरी विचारावं लागेल, असं म्हणाला.

"ओवीखाली नाव घालायचं म्हणून?" सत्यवान वकिलांनी उलटतपासणी घेतली.

"ओवीखालचं... आणि बाकीचंही."

"मग हा शनिवारचा पाहुणा —"

"तो रविवारी आपल्या मंडळात येतो," गुरुदास खाली बघत म्हणाला.

विमलाताईंनी पदर तोंडाला लावला. सत्यवान वकिलांना तर हसू आवरेना. भाई मात्र हसले नाहीत. हातातली दोन पानं त्यांनी जुळवली, चार घड्या केल्या आणि खिशात ठेवली. ओवी जुनी म्हणून संपादकाने कथा घेतली, नवी म्हणून तो परत करील, असं धरून चाल, असं ते म्हणाले. छापून येणारी पहिलीच कथा होती तुझी.

"चालेल," गुरुदास म्हणाला.

भाईंनी छत्री उचलली. "टपाल उद्या दुपारी निघतं. नाव मला आज हवं. आणि अशा घरी माणूस एकटा जात नाही. वडीलधारं कोणीतरी लागतं."

तारकर्लीच्या वाळूत भाईंचे बूट दर पावलाला रुतत होते. ते दर शंभर पावलांवर थांबत आणि विमला बरोबर होती, असं पुटपुटत. देवबागेत पोचले तेव्हा ऊन कलंडलं होतं. शेवटच्या माडाखाली तुकाराम तांडेल जाळं शिवत बसला होता. त्याने घोंगडी अंथरली, गूळपाणी दिलं आणि सगळं ऐकून घेतलं. शिरोड्याच्या कोणत्या रापणीचे, ते विचारलं. बापाचं नाव कळल्यावर मान हलवली. मग सुई जाळ्यात खोचून ठेवली.

"मास्तर, तुमी गोष्टी लिवतास. गोष्टीत खोटा चलता. ह्या खरा काय?"

"ह्या लिवलेला नाय," गुरुदास म्हणाला. "ह्या सांगतंय. माका चंद्रावती होयी. तिका मी होयो काय, ता तिकाच इचारा."

तुकारामने दाराकडे बघितलं. चंद्रावती उंबऱ्याशी उभी होती, कधीपासून कोण जाणे. बापाने नुसती भुवई उचलली. तिचा चेहरा असा उजळला, की म्हाताऱ्या तांडेलाने गालातल्या गालात हसून पुन्हा सुई हातात घेतली.

भाईंनी खाकरून टाक काढला. कथेचं शेवटचं पान गुडघ्यावर पसरलं, तळटीप खोडली आणि विचारलं, मुली, नाव सांग. पूर्ण सांग. अंक निघेपर्यंत लग्न व्हायचं नाही, पण ठरल्यासारखंच आहे. तेव्हा बापाचं नाव लावायचं, की याचं?

ती पुढे आली. कागदाकडे वाकून पाहिलं, त्या कोऱ्या झालेल्या जागेकडे.

"बापाशीचा घाला," ती म्हणाली. "ही केलंय तेवा मी ह्या घरातली होतंय."

भाईंनी वळणदार अक्षरांत लिहिलं — चंद्रावती तुकाराम, देवबाग.

"आणि फुडली करशीत ती?" गुरुदासने विचारलं. आवाज त्याचा त्यालाच ऐकू आला नसता, इतका हळू.

चंद्रावतीने एकदा बापाकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे.

"फुडलेक तुमचा नाव लावतंय," ती म्हणाली. "पण जुळवतलंय मीच."