थॉर्नकोटची किल्ली

दार लोटून घ्या रे, वारा येतोय. ही गोष्ट माझ्या ओळखीच्या माणसाची, आणि खरी. खोटं रचायला डोकं लागतं, ते त्याच्यापाशी नव्हतं.

रूपर्ट फॅनशॉ त्याचं नाव. पलीकडच्या टेकडीवरच्या थॉर्नकोट वाड्याचं हॉटेल झालं तेव्हा तो मॅनेजर म्हणून लंडनहून आला. यंत्राचं काही नको, खिळासुद्धा हातानं घडवलेला हवा, असा हट्ट धरून बांधलेलं ते घर. या दिवट्यानं दारादाराला प्लास्टिकच्या कार्डाची कुलपं ठोकली. एकच खोली सुटली, मिस विनिफ्रेडची. मरेपर्यंत इथेच राहीन, या अटीवर तिनं बापानं बांधलेलं हे घर विकलं होतं. घराची जुनी लोखंडी किल्ली तिच्याच खोलीला लागायची.

मे महिन्यातला दुसरा शुक्रवार. शनिवारी तिथे बड्या घरचं लग्न होतं. ते नीट पार पडलं की रूपर्टला लंडनचं मोठं हॉटेल मिळणार होतं. संध्याकाळी तो म्हातारीला बजावायला गेला, की पाहुण्यांसमोर येऊ नका. म्हातारी खुर्चीतच गेलेली होती.

माणूस असता तर मान खाली घातली असती. यानं बाहेरून कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. फुलं घेऊन आलेला ॲल्बी माळी दारात उभा होता.

"रविवारपर्यंत तोंड उघडायचं नाही, कळलं?"

"बरं साहेब. पण बागेतल्या बाईंच्या मधमाश्यांना तरी सांगा. घराच्या किल्लीनं त्यांच्या पेटीवर तीनदा ठोकायचं आणि म्हणायचं, 'तुमची बाई गेली.' घरधनी गेला की आमच्यात मधमाश्यांना सांगतातच. नाही सांगितलं तर..."

"तर काय, तक्रार करतील? ईमेल पाठवतो हां त्यांना!" स्वतःच्याच विनोदावर तो खिंकाळला.

रात्री अकराला पाहुणे खाली जेवत होते. वाइन सांडलेला शर्ट बदलायला रूपर्ट आपल्या खोलीत आला. दार लावलं.

ठक.

लाकडावर लोखंड.

"कोण आहे?"

...

ठक.

दारावरच. पण आतून.

खोलीत तो एकटा. त्यानं खिसा चाचपला. किल्ली नव्हती.

भिंतीत गुणगुण सुरू झाली... मग कानाशी...

ठक.

"तुमची बाई गेली," कुणीतरी सावकाश म्हणालं.

अर्धा शर्ट अंगात, अर्धा लोंबतोय, असा तो थेट जेवणाच्या दालनात, नवरीच्या आईपुढे. "मेलीय ती! वर! संध्याकाळपासून... मीच कुलूप घातलं!"

लग्न दुसरीकडे हललं. लंडनही गेलं. ज्याला झाकायचं होतं त्यानंच बोंब मारली.

पोलीस आले. किल्ली काही सापडेना, तेव्हा म्हातारीच्या खोलीचं ओकचं दार कुऱ्हाडीनं फोडलं. खिडक्यांना आतून कड्या. म्हातारी तशीच खुर्चीत.

उजवी मूठ मात्र वळलेली होती. डॉक्टरनं एकेक बोट सोडवलं. आत किल्ली होती... टोकाला मधमाश्यांचं मेण लागलेलं. ताजं.